गाडीच्या तोंडातला घास

आमच्या गाडीच्या पेट्रोलच्या तोंडाला बूच नाही. बाहेर पत्र्याचं छोटं दार आहे, ते दाबलं की उघडतं. पण त्याच्या आत फिरवून काढायचं झाकण म्हणून काही नाही. स्प्रिंगची एक झडप आहे आणि बोटभर आत दुसरी. पंपावरची नळी टेकवली की दोन्ही झडपा मागे सरतात, नळी काढली की आपोआप मिटतात. ही सोय ज्याने काढली त्याने आलापल्ली ते आष्टी हा रस्ता नक्कीच पाहिलेला नाही. पाहिला असता तर त्याने एक नाही, तीन बुचं दिली असती आणि वर दोरीने बांधायला एक फडकंही.

गाडी जुनीच, चंद्रपूरहून घेतलेली. विकणाऱ्याने हा गुण मला दोनदा सांगितला. "ताई, बूच हरवाचं टेन्शनच नाई." मी भाळले. मी शाळेत गणित शिकवते, पण माणसाच्या तोंडचं ऐकून भाळायचं ते भाळतेच. बाबांनी मात्र घरी आल्या आल्या दार उघडून अंगठ्याने झडप दाबली, सोडली, पुन्हा दाबली.

"बिनझाकणाची हाये?"

"तशीच असते आता."

"घागरीवर झाकण नसन त पाल पडते," एवढं बोलून ते गेले. त्या दिवशी मी हसले होते. पुढे मला या वाक्याची आठवण यायची तेव्हा हसू यायचं नाही.

गाडी हौसेने घेतली नव्हती. आईची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली. दर मंगळवारी आणि शुक्रवारी तिला चंद्रपूरला नेऊन चार तास मशीनला लावायचं आणि रक्त धुऊन आणायचं, असा आमचा आठवडा ठरला. जवळच्या ठिकाणी तिचा नंबर लागला नव्हता. आमच्या गावापासून चंद्रपूर शंभरावर किलोमीटर. एक पाळी चुकली तर अंगात पाणी चढतं, पाय सुजतात, दम लागतो. दोन चुकल्या तर काय होईल, ते डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं होतं. एसटीच्या गर्दीत उभं राहून तिला आणणं जमेना, म्हणून गाडी.

त्याच उन्हाळ्यात बाबांना बैलजोडी विकावी लागली. त्यांचे गुडघे गेले होते आणि धानाच्या बांधीत आता भाड्याचा ट्रॅक्टर फिरतो. गोठा रिकामा झाला आणि गाडी त्यात उभी राहिली. ही साधी गोष्ट मला तेव्हा साधीच वाटली. जागा होती, वर कवेलूंचं छप्पर होतं, गाडीला सावली मिळाली. बाबा रोज सकाळी उठून सवयीने गोठ्यात जायचे आणि तिथे जे असेल त्याच्याकडे बघून परत यायचे.

आता त्या धुळीबद्दल. आमच्या रस्त्यावरून खनिजाचे ट्रक जातात, एकामागे एक. त्यांची लाल धूळ झाडांवर बसते, वाळत घातलेल्या लुगड्यांवर बसते, जेवताना दाताखाली कचकन लागते. सागवानाची पानं हिरवी असतात हे आमच्याकडे पावसाळ्यातच कळतं. ही धूळ गाडीच्या त्या छोट्या दाराच्या फटीतून आत शिरते आणि झडपेच्या रबरावर बसते. गाडीसोबत जे पुस्तक आलं त्यात या झडपेवर चारच वाक्यं होती. कोरड्या मऊ कापडाने पुसा. जोराच्या पाण्याने धुऊ नका. तेल, ग्रीस लावू नका. दाराच्या आत खालच्या बाजूला पाणी निघून जायला बारीक भोक आहे, ते मोकळं ठेवा. मास्तरणीच्या सवयीने मी चारही वाक्यांखाली लाल पेनाने रेघ मारली. तीन पाळली. चौथ्याचं पुढे सांगते.

पाळली म्हणजे लोकांशी भांडून पाळली. गाडी धुणारा तो दाबाचा पाइप नेमका त्या दारावर धरायचा. "अरे भाऊ, कोणाच्या तोंडावर असा पाइप मारतेस काय?" मी ओरडायचे. तो म्हणायचा, "ताई, माती हाये ना." माती आहे, म्हणून ती पाण्याच्या जोराने आत ढकलायची! एका मेकॅनिकने प्रेमाने झडपेवर तेलाचा फवारा मारला, वर मला सांगितलं की फुकटात करून दिलं. तेलाला धूळ चिकटते, तिचा चिखल होतो, रबर फुगतं, झडप मिटत नाही, हे मी त्याला फळ्यावर समजवावं तसं समजावलं. तो मान डोलवत होता आणि हातातली तेलाची बाटली हलवत होता. आपल्याकडे ज्याच्या हातात जे असतं ते तो समोरच्याला लावतोच.

तर दुसऱ्या वर्षीचा पोळा. आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात. हळद आणि लोणी गरम करून पळसाच्या पानाने वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यावर लावायचं आणि बैलाला जेवणाचं आवतन द्यायचं. मी शाळेतून आले तर गाडीच्या पुढच्या दोन्ही चाकांवरचा पत्रा पिवळा झालेला. बाबा हातात पळसाचं पान धरून उभे, आणि गाडीला हळूच म्हणत होते, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये."

मी हसले. खोटं कशाला सांगू, बाहेर जाऊन हसले.

पोळ्याच्या दिवशी सकाळी त्यांनी गाडी धुतली. बादलीने धुतली, पाइपने नाही, तेवढं त्यांनी माझ्या ओरडण्यातून ऐकलं होतं. बॉनेटवर जुन्या बैलांची झूल घातली, आरशांना बैलांच्या शिंगांच्या चवऱ्या बांधल्या. मग मला म्हणाले, "गावच्या तोरणाखाली आणतेस काय? सगळ्यायचे बैल आले हायेत."

"लोक हसतीन, बाबा."

पूजा गोठ्यातच झाली. मी चुलीपाशी वडे तळत होते, आई दारात चटईवर बसून बघत होती. बैल जेवल्याशिवाय पोळ्याला आमच्या घरात कोणी जेवत नाही. बाबा ताट घेऊन गोठ्यात गेले आणि बऱ्याच वेळाने रिकामं ताट घेऊन आले. त्या ताटातलं कुठे गेलं हे मी विचारलं नाही. कावळ्याकुत्र्यांना घातलं असेल असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी चंद्रपूरला निघायचं म्हणून संध्याकाळी पेट्रोल भरायला आलापल्लीला गेले. पंपावरच्या बाईने नळी टेकवली.

"मॅडम, जात नाई हे. जड जाऊन राह्यलं."

"जाते. जोरात दाब," मी म्हटलं. मी! जी मी जगाला हळू दाबायला सांगत फिरते. मला घरी जाऊन भात टाकायचा होता.

त्या रात्री पाऊस पडला आणि गोठ्याचे कवेलू गळत राहिले. सकाळी सहाला आम्ही तिघं निघालो. आई मागे उशी लावून, बाबा तिच्या शेजारी. आदल्या दिवशी सणाचं म्हणून तिने मीठ घातलेला वडा खाल्ला होता, वर पाणी प्यायली होती, आणि चेहरा सुजला होता. निघाल्यावर थोड्याच वेळात समोर पिवळा दिवा लागला. पिवळा म्हणजे सवडीने बघा, लाल म्हणजे थांबा, एवढं मला माहीत होतं. मी सवडीने बघायचं ठरवलं. मग गाडी आचके द्यायला लागली, उचक्या लागल्यासारखी, आणि दोन्ही बाजूंना सागवान असलेल्या ठिकाणी बंद पडली. मोबाइलला रेंज नाही. मी उतरून बॉनेट उघडलं आणि आत बघत उभी राहिले, जसं मला त्यातलं काही कळतं.

"काय झालं?" आईने विचारलं. तेवढं बोलतानाही तिला दोनदा श्वास घ्यावा लागला.

पोळ्याचा दुसरा दिवस. ट्रकसुद्धा नव्हते. एरवी ज्या ट्रकांना मी शिव्या घालते ते त्या दिवशी एकही येईना. पाऊण तासाने एक काळीपिवळी जीप आली, माणसांनी ठासून भरलेली. ड्रायव्हरने आईकडे बघितलं आणि काही न विचारता पुढच्या सीटवरच्या दोघांना उतरवलं. एक टपावर चढला, दुसरा मागे लटकला. कोणी हूं की चूं केलं नाही. त्या दिवसात मला ज्यांचा राग आला नाही अशी एवढीच माणसं.

"बाबा, चला," मी म्हटलं.

"तुमी जा. मी इथी थांबतो. बसल्या बैलाले सोडून नाई जात."

मला इतका संताप आला की मी त्यांच्याकडे वळूनसुद्धा बघितलं नाही.

आष्टीला दुसरी जीप, गोंडपिपरीला तिसरी. चंद्रपूरला पोहोचलो तर दहाची पाळी कधीच दुसऱ्या माणसाला दिलेली. मशीनवरचा माणूस म्हणाला, "ताई, तुमची वेळ गेली. मंगळवारीच या आता." मंगळवारी! मी तिथे जे बोलले ते मी वर्गात कधीही बोलत नाही. आईच्या सुजलेल्या पायावर बोट दाबून मी त्याला पडलेला खड्डा दाखवला आणि म्हटलं, हा खड्डा मंगळवारपर्यंत सांभाळून दाखवा. मोठ्या नर्सबाई आल्या, त्यांनी तिला ऑक्सिजन लावला, आणि तीन वाजता एक मशीन रिकामी झाली.

चार तासांचं काम तीन तासांत उरकलं, पण तिचा दम ओसरला. मी बाहेरच्या बाकड्यावर बसून होते आणि माझ्या डोक्यात सगळ्यांचा हिशेब चालू होता. ट्रकवाल्यांचा, झडप काढणाऱ्याचा, तेल फवारणाऱ्याचा. पंपावर नळी जड गेली होती, म्हणून खोट झडपेतच असणार हे मी धरूनच चालले होते. ज्या जिल्ह्यातून एवढं खनिज, एवढं सागवान, एवढा तेंदूपत्ता बाहेर जातो, त्या जिल्ह्यातल्या बाईला रक्त धुवायला दुसऱ्या जिल्ह्यात जावं लागतं, आणि वाटेत एक अंगठ्याएवढी झडप मिटली नाही तर तिचा जीव टांगणीला लागतो. माल न्यायला रस्ता पुरतो. माणूस न्यायला नाही पुरत. मला रडू येत होतं आणि त्याचाही राग येत होता.

रात्री चंद्रपूरलाच राहिलो. तोवर बाबांनी एका ट्रॅक्टरवाल्याला थांबवून गाडी ओढत आष्टीच्या एका गॅरेजपाशी आणली होती आणि फोन केला होता. शनिवारी आम्ही बसने आष्टीला उतरलो तेव्हा ते गाडीशेजारी एका जुन्या टायरवर बसले होते. गाडीच्या आरशांना चवऱ्या तशाच होत्या. आईला बघून ते उभे राहिले, आणि आईने तोंड फिरवलं.

मिस्त्रीने टाकीचं पेट्रोल एका पारदर्शक डब्यात काढून दाखवलं. खाली पाण्याचा थर वेगळा दिसत होता. मग त्याने ते छोटं दार उघडलं, बॅटरी मारली आणि लांब चिमट्याने दोन झडपांच्या मधून काहीतरी काढलं. वास घेतला. पुन्हा घेतला.

"ताई, हे पुरण हाये काय?"

पुरणच होतं. त्याला हळदीचे दोन तांदूळ चिकटलेले. नळीने ते आतल्या झडपेच्या कडेत चेपून बसवलं होतं. झडप मिटली नाही, रात्रभर उघडी राहिली.

मी बाबांकडे बघितलं. त्यांनी जमिनीकडे बघितलं.

"पोळा होता," ते म्हणाले.

मग मी भर रस्त्यात तोंड सोडलं. "बाबा, हा बैल होय काय? हे तोंड होय काय? मायले रस्त्यात काही झालं असतं त? कोणाले घास भरवला असता तुमी मंग?" समोरच्या पानटपरीवरची माणसं बघायला लागली. बघू देत म्हटलं.

बाबा शांतपणे म्हणाले, "तुह्या मायले नेते, आणते. जे घरचं वझं वाह्यते त्याले पोळ्याले पयला घास द्या लागते. बैलाले दिला, याले काऊन नाई द्याचा?"

तेव्हा बाकड्यावर बसलेली आई बोलली. आजारापासून तिचा आवाज इतका वर चढलेला मी ऐकला नव्हता.

"अन् मी? चाळीस वरसं या घरचं वझं कोणं वाह्यलं? रोवण्यायले मी, निंदाले मी, मोहं वेचाले मी. बैल थकले त तुमी त्यायचे खांदे शेकले. माहे खांदे कधी पाह्यले? माह्या तोंडात एक घास घातला काय तुमी? एक? लोखंडाच्या तोंडात घातला, अन् त्यापायी मी मरत होती!"

बाबा टायरवर बसले. मिस्त्री उगाच पाना पुसत राहिला. मग त्यानेच तो ताण मोडायला म्हणून, की खरंच सांगायचं म्हणून, मला जवळ बोलावलं.

"पण ताई, एकल्या पुरणानं टाकीत इतकं पाणी नाई जात. हे पाहा." दाराच्या आत, खालच्या कोपऱ्यात त्याने तार घातली. लाल मातीचा सुकलेला गोळा बाहेर आला, आणि त्याच्यामागून साठलेलं पाणी टपटप गळलं. "वरून गळलेलं पावसाचं पाणी इथी साचलं. याच भोकातून निघून जाते ते. बुजलेलं होतं. हे कोण साफ करते घरी?"

चौथं वाक्य. लाल रेघेसकट.

दुसऱ्यांवर तोंड सोडायला मला शाळेची घंटा लागत नाही. स्वतःच्या चुकीला मात्र माझी दातखीळ बसते. घरी आल्यावर मी बाबांना पुस्तक उघडून ती चारही वाक्यं वाचून दाखवली आणि म्हटलं, चौथं माझं चुकलं. ते म्हणाले, "दाखव मले कसं करते."

तेव्हापासून ते काम त्यांच्याकडे गेलं. सोमवारी आणि गुरुवारी, म्हणजे निघण्याच्या आदल्या दुपारी. आईच्या जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा, एक वापरलेला दात घासायचा ब्रश आणि खराट्याची एक काडी, एवढं सामान गोठ्याच्या खुंटीला पिशवीत टांगलेलं. आधी दाराच्या आतली धूळ ब्रशने बाहेरच्या बाजूला काढायची, आत ढकलायची नाही. मग कोरड्या फडक्याने झडप आणि तिच्या भोवतीचं रबर पुसायचं. मग काडी भोकात घालून वरून चमचाभर पाणी सोडायचं आणि ते खाली गळतं का, हे वाकून बघायचं. शेवटी अंगठ्याने झडप दाबून सोडायची. बाबांना कमी ऐकू येतं, म्हणून ते कान गाडीला टेकवतात आणि झडप मिटल्याचा आवाज ऐकतात. आवाज पटला नाही तर पुन्हा पहिल्यापासून. आता तर पंपावर मला तोंड उघडावं लागत नाही. "बाई, हळू टेकव, दांडगाई नको करू," असं तेच खिडकीतून सांगतात, आणि गाडी धुणाऱ्याच्या पाइपवर तर त्यांनी एकदा सरळ पाय दिला.

आई दारात बसून हे सगळं बघायची. "चालली सेवा," म्हणायची. एकदा म्हणाली, "इतकी कोणी माही केली असती त मी नाचली असती." बाबा ऐकू न आल्यासारखं करायचे. ऐकू आलं असेल की नाही, ते मी कधी विचारलं नाही.

यंदाच्या पोळ्याच्या आदल्या दिवशी त्यांनी गाडीचे खांदे शेकले. मी शेकू दिले. पत्र्याला लोण्याने काही होत नाही. आवतनही दिलं. मग गोठ्यामागे मला गाठून त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "तुह्या मायले पुरण किती चालते?"

"डाळ अन् गूळ दोन्ही कमीच चालते, बाबा. एखादा घास. सुपारीएवढा."

"सुपारीएवढा," ते म्हणाले, आणि मान हलवली.

पोळ्याला मंगळवारची तयारी म्हणून त्यांनी सकाळीच झडप पुसून घेतली, काडी घातली, कान लावून आवाज ऐकला. गाडीला गंध लावलं, दिवा ओवाळला. मग पुरणाचं ताट घेतलं आणि गाडीपुढून तसेच निघाले. आई दारात चटईवर बसली होती. गुडघे धरत, भिंतीला टेकत ते तिच्यासमोर खाली बसले. पोळीचा तुकडा तोडला, बराच मोठा होता, अर्धा ताटात ठेवला, आणखी थोडा ठेवला. सुपारीएवढा उरला तेव्हा हात पुढे केला. घरात अजून कोणीच जेवलेलं नव्हतं.

आईने त्या हाताकडे बघितलं. मग त्यांच्या तोंडाकडे.

"पयले हात धुऊन या," ती म्हणाली. "पेट्रोलचा वास येते."

बाबा पुन्हा गुडघे धरत उठले आणि मोरीवर जाऊन साबणाने दोनदा हात धुतले. आईने तोवर पदराने तोंड पुसलं आणि त्यांच्या वाटेकडे बघत बसून राहिली.